कारखानीस मास्तरांचा एकट्याचा प्रवास

कारखानीस मास्तर वारले तेव्हा साताऱ्यात त्यांची शोकसभा झाली. छापील पत्रिकेत त्यांच्या नावाखाली 'मरुभूमीचे एकाकी पांथस्थ' असं घातलं होतं. मला दोन शब्द बोलायला बोलावणं आलं. मी प्रकृतीचं कारण कळवलं. प्रकृती ठणठणीत होती. पण मला जे बोलायचं होतं ते दोन शब्दांत मावणारं नव्हतं, आणि फोटोला हार घातलेला असताना तसलं बोलायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून आता लिहितो.

मरुभूमीत ते कधीच गेले नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगीच वाट बघायला नको.

मी साताऱ्यात त्यांच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो तेव्हा दुसरं महायुद्ध सुरू होऊन दीडेक वर्ष झालं होतं. मी मूळचा जतकडचा, कानडी सीमेवरच्या कोरड्या मुलखातला. साताऱ्याचं पाणी, झाडी, गार वारा यांनी मी भारावून गेलो होतो. मास्तरांना यातलं काहीच पसंत नव्हतं. ते भूगोल शिकवायचे. शिकवायचे चांगलं, हे कबूल केलं पाहिजे. खडू एकदा फळ्याला टेकला की एका दमात साऱ्या आशियाची किनारपट्टी काढून मोकळे व्हायचे, आणि ती बरोबर असायची. पोरं तोंड उघडं टाकून बघत बसायची. तेवढीच एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने सांगू शकतो.

उंच, ताठ, नाकेला माणूस. बाकीचे मास्तर धोतरात, तर हे खाकी तुमानीत. मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीपाशी उभे राहायचे आणि डोळे बारीक करून लांब बघायचे. समोर दहा हातांवर कोंडवाड्याची भिंत होती. बघायचं ते तिच्यातून आरपार. बोलताना स्वतःला 'आम्ही' म्हणायचे आणि दर वाक्याआड 'वस्तुतः' घालायचे. "आपला माणूस उंबरठ्यापर्यंतच भूगोल शिकतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की नवीन माणूस खजील व्हायचा. मीही झालो होतो.

त्यांचा बेत असा होता : कराचीच्या पलीकडे, मकराणच्या उजाड डोंगरांत, पाठीवर सामान घेऊन, एकट्याने पायी चालायचं. हिंगलाजच्या यात्रेला माणसं त्याच वाटेने जातात, पण ती तांड्याने, उंट घेऊन, आगव्याच्या म्हणजे वाटाड्याच्या मागून. मास्तरांना त्या गर्दीचा तिटकारा होता. त्यांना एकटं जायचं होतं. "महाराष्ट्रातून असा एकटा कोणी गेलेला नाही," असं ते सांगत. त्यावर पुस्तक लिहायचं होतं. पुस्तकाची प्रस्तावना लिहून झाली होती. अर्पणपत्रिकाही झाली होती, ती 'एकांतास' होती. मला त्यांनी वाचून दाखवली आणि विचारलं, की मराठीच्या दृष्टीने काही सुचवावंसं वाटतं का. मी एक वेलांटी सुचवली.

पाठीवरची पिशवी त्यांनी राजवाड्याकडच्या एका मोच्याकडून तंबूच्या कापडाची शिवून घेतली होती. तीन वेळा उसवून पुन्हा शिवली. आत काय काय जाणार याच्या याद्या तर किती झाल्या याला गणतीच नाही. स्पिरिटचा स्टो, घडीचं स्टूल, पिसांची उशी, होकायंत्र, लिंबाचं लोणचं, दाढीचं सामान, दोन दौती. पाण्यासाठी एकच मध्यम आकाराची बाटली, कारण शास्त्रशुद्ध सराव केला की माणूस दिवसाला दोन पेले पाण्यावर राहू शकतो असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं.

हा सराव ते घरी करत. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तर मास्तर माजघरात आरामखुर्चीवर घड्याळ घेऊन बसलेले. सकाळपासून घशाखाली थेंब गेला नव्हता. बोलायचं नाही अशी खूण केली. त्यांच्या बायको, इंदिरावहिनी, हौदावरून दुसरी खेप घेऊन आल्या. उन्हातून आलेल्या, तोंड लाल झालेलं. त्या घागर घेऊन सरळ मागच्या दारी गेल्या. जाताना मी चपला घालत होतो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "यांची तहान चालू असते ना, तेव्हा मला पाणी लपून प्यावं लागतं. दिसलं तर सराव मोडतो म्हणतात."

आता गंमत अशी, की त्या डोंगरांत राहून आलेला एक माणूस आमच्या शाळेतच होता. तो शाळेची घंटा द्यायचा. ज्योतीराम हवालदार, कडेगावकडचा. खेचरांच्या पलटणीत होता. बारा वर्षं बलुचिस्तानच्या सरहद्दीवर खेचरांच्या पाठीवरून रसद वाहिलेली. पेन्शनीत आला आणि आमच्याकडे शिपाई म्हणून लागला. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. मास्तर इंग्रज प्रवाशांची पुस्तकं वाचनालयातून आणायचे, जुने नकाशे मुंबईहून मागवायचे, कराचीच्या कुणा अधिकाऱ्याला पत्रं लिहायचे. दहा पावलांवर बसलेल्या हवालदाराला त्यांनी कधी एक प्रश्न विचारला नाही. मीच एकदा हवालदाराला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं आणि म्हटलं, मास्तरांना तिकडचं काही सांगा.

हवालदाराने टोपी काढून हातात घेतली. मास्तरांनी भिंतीवर लावलेला नकाशा बघितला. मग म्हणाला, "तकडं येकटं कुनी जात न्हाई, मास्तर. तकडचा मानूस बी न्हाई जात. जो जातो त्यो कुनाचा तरी पाव्हना हून जातो. या गावचा त्या गावाला चिठी देतो, त्यो म्होरच्याला. पानी हाय, न्हाई असं न्हाई. पर ते वळकीवर मिळतंया."

मास्तर त्याच्याकडे न बघता नकाशातली एक टाचणी सरळ करत होते. "ठीक आहे ज्योतीराम," ते म्हणाले, "तुम्ही खेचरांबरोबर गेलात. वस्तुतः तो वेगळा विषय आहे."

हवालदार टोपी घालून घंटा द्यायला गेला.

त्या थंडीत मास्तरांनी पाठीवर ओझं घेऊन यवतेश्वर चढायचं ठरवलं. एकट्याने चढण्याचा सराव म्हणून आम्ही तिघं निघालो. मी वेळ बघायला आणि हवालदार वाट दाखवायला. पहिल्या वळणावरच मास्तर धापा टाकू लागले. दुसऱ्या वळणावर पिशवी हवालदाराच्या पाठीवर गेली आणि ती वरपर्यंत तिथंच राहिली. साठीला टेकलेला माणूस, पण बडबड न करता चढला.

वर टेकतो न टेकतो तोच पोलीस आडवे आले. ते दिवस बेचाळीसनंतरचे. डोंगरात भूमिगत पोरं हिंडत होती आणि त्यांच्या मागावर पोलीस. फौजदाराने मास्तरांच्या हातातला नकाशा बघितला आणि पिशवीकडे बोट करून विचारलं, हे कुणाचं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी हवालदाराकडे हात केला. "त्याची आहे," ते म्हणाले. "आम्ही शिक्षक आहोत. आमचा या माणसाशी काही संबंध नाही."

मी काही बोलायच्या आत हवालदार म्हणाला, "व्हय, माजीच हाय." पिशवी खाली ठेवली आणि ताठ उभा राहिला. आतून स्टो निघाला, उशी निघाली, लोणच्याची बरणी निघाली. फौजदार बुचकळ्यात पडला. हवालदाराने बंडीच्या आतल्या खिशातून पलटणीचा दाखला काढून दिला. फौजदाराने तो वाचला, परत घडी घालून त्याच्या हातात दिला आणि आम्हाला जाऊ दिलं. उतरताना पिशवी पुन्हा हवालदाराच्याच पाठीवर होती.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मला वही दाखवली. 'यवतेश्वर. अठरा शेर ओझे. एकटा. प्रकृती उत्तम.' स्वातंत्र्य आल्यावर याच प्रसंगाला आणखी फाटे फुटले. चळवळीच्या काळात आपल्याला डोंगरात अटक झाली होती असं ते सांगायला लागले. शोकसभेच्या पत्रिकेतही तो उल्लेख होता.

पण इतकं असतं तर मी हे लिहिलं नसतं. पोकळ माणसं पुष्कळ असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. जतला जे झालं त्यासाठी लिहितोय.

युद्ध संपायच्या आदल्या उन्हाळ्यात मास्तरांनी ठरवलं, की मकराणच्या आधी एक रंगीत तालीम करायची. जतच्या पूर्वेच्या उजाड माळावरून आणि बोडक्या टेकड्यांतून चार दिवस एकट्याने फिरून यायचं. तिकडे माझे मामा एका गावचे पाटील होते. त्यामुळे सोय मी केली. आगगाडीने मिरजेपर्यंत आणि पुढं कोळशाच्या गॅसवरच्या मोटारीने, दोनदा उतरून ढकलत, आम्ही पोचलो. मामांनी मास्तरांना विचारलं, बरोबर माणूस देऊ का, एखादा धनगर देतो. मास्तर हसले. मामा म्हणाले, मग पाणी तरी दोन भोपळे भरून न्या. मास्तरांनी बाटली दाखवली. पहाटे पिशवी पाठीला लावून ते निघाले तेव्हा मामा दारात बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लय शिकल्याला दिसतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला एक धनगर तट्टू धरून आला. तट्टावर मास्तर आडवे घातलेले, पडू नयेत म्हणून घोंगड्याने बांधलेले. ओठ फुटलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

धनगराचं नाव मायाप्पा. चाळिशीचा असेल. मराठी मोडकंतोडकं, बोलणं कानडीच. त्याच्याकडून कळलं ते असं. मास्तरांचं पाणी पहिल्याच दिवशी दुपारी संपलं. दुसऱ्या दिवशी ते वाट चुकून टेकड्यांच्या पलीकडे गेले, ओझं झेपेना म्हणून पिशवी कुठंतरी टाकली आणि संध्याकाळी एका बाभळीखाली पडले. मायाप्पा आणि त्याची बायको सत्तेव्वा मेंढरं घेऊन पुढच्या विहिरीकडे चालले होते. त्यांच्या कुत्र्याने मास्तरांना शोधलं. रात्रभर सत्तेव्वाने शेळीच्या दुधात आणि पाण्यात भिजवलेल्या चिंध्या त्यांच्या तोंडात पिळल्या. पखालीतलं निम्मं पाणी त्यात गेलं. पहाटे मायाप्पाने तट्टावरची नवी जन्मलेली कोकरं खाली उतरवली आणि मास्तरांना वर घातलं. ती कोकरं अजून चालू शकत नव्हती, म्हणून सत्तेव्वा कळपासकट तिथंच, उघड्या माळावर थांबली. दुपारच्या आत येतो असं सांगून मायाप्पा निघाला होता.

मामींनी मास्तरांना ओसरीवर निजवलं, ताक पाजलं. तासाभराने ते भानावर आले. मला वाटलं, आता हा माणूस त्या धनगराचे पाय धरेल. त्यांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "आमची पिशवी?"

पिशवी माळावर पडली होती. ते ऐकून मास्तर उठून बसले. तिच्यात वह्या आहेत, टिपणं आहेत, सगळं पुस्तक आहे. हा माणूस तट्टू घेऊन चाललाच आहे तर आधी पिशवी शोधून आणून दे म्हणावं. ती कुठं टाकली हेही त्यांना धड सांगता येईना. एक पांढरा दगड होता एवढंच आठवत होतं.

मामा पाटील. दारात आलेल्या पाहुण्याची वस्तू त्यांच्या शिवारात राहिली हे त्यांनाही बरं वाटलं नाही. त्यांनी मायाप्पाला सांगितलं, "मास्तरांचं सामान आन आदी, मंग जा."

मायाप्पाने माझ्याकडे बघितलं. तिथं कानडी बोलणारा शिकलेला माणूस मीच होतो. तो हलक्या आवाजात म्हणाला, "कुरी बिसलाग अदाव्री." मेंढरं उन्हात आहेत. मग थांबून म्हणाला, ती पण उन्हात आहे.

मी ते मास्तरांना मराठीत सांगितलं. मास्तर म्हणाले, "अर्ध्या दिवसाने मेंढरांना काय होतंय? ती उन्हातलीच असतात."

हे वाक्य मी मायाप्पाला कानडीत सांगितलं. चांगलं सांगितलं. माझं कानडी चांगलं आहे. पाटलाचा भाचा सांगतोय म्हटल्यावर त्याने पुन्हा तोंड उघडलं नाही. तट्टाला पाणी पाजलं, स्वतः प्यायला आणि दुसऱ्याच दिशेने, पिशवीच्या शोधात निघून गेला. मामींनी त्याला भाकरी बांधून दिली. मी सावलीत बसून राहिलो.

दिवेलागणीला तो पिशवी घेऊन आला. आणून ओसरीवर ठेवली आणि पाटलांना हात जोडून लगेच निघाला. मास्तरांनी पिशवी उपसून एकेक वस्तू जाजमावर मांडली. स्टो, वह्या, दौती, होकायंत्र. मग यादी काढून पडताळा घेतला. "चमचा नाही," ते म्हणाले. मायाप्पा तोवर वेशीबाहेर गेला होता. नाहीतर मला तेही कानडीत सांगावं लागलं असतं.

शाळा उघडल्यावर वाचनालयाच्या सभागृहात मास्तरांचं व्याख्यान झालं. विषय 'निर्जनात चार दिवस'. बायका-पुरुष मिळून सभागृह भरलं होतं. मास्तर चांगलं बोलले. तहान म्हणजे काय, मृगजळ म्हणजे काय, रात्री ताऱ्यांखाली माणूस किती लहान होतो हे त्यांनी असं सांगितलं, की पुढच्या ओळीतल्या एक बाई पदराने डोळे पुसत होत्या. मी शेवटपर्यंत वाट बघत होतो. मायाप्पा आला नाही. सत्तेव्वा आली नाही. कुत्रंसुद्धा आलं नाही. तिसऱ्या दिवशी मृत्यू समोर दिसला आणि चौथ्या दिवशी मास्तर परत आले.

काही शंका असल्यास विचाराव्यात असं अध्यक्ष म्हणाले. हवालदार मागे भिंतीला टेकून उभा होता. जाजमं घालायला आणि उचलायला त्याला बोलावलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, मंग तितनं आनलं कुनी तुमास्नी?"

सभागृहात खसखस पिकली. मास्तरांनी हसून हात वर केला. "ज्योतीराम," ते म्हणाले, "माणसाला त्याचं मन आणतं."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आजूबाजूचे सगळे वाजवत होते, हात मांडीवर ठेवून बसणं दिसायला बरं दिसलं नसतं. हे माझं त्या वेळचं कारण.

सभा संपल्यावर मी हवालदाराला जाजमं गुंडाळायला हात लावला आणि सगळं सांगितलं. माझा भाग धरून सांगितलं. तो ऐकत ऐकत जाजम गुंडाळत राहिला. शेवटी म्हणाला, "तरी म्हनलं." मग विचारलं, "नाव काय म्हनलासा त्या मानसाचं?"

"मायाप्पा."

त्याने ते एकदा स्वतःशी म्हटलं. "ध्यानात ठिवतो," तो म्हणाला. "कुनीतरी ठिवाया पायजे."

दिवाळीत मी मामांकडे गेलो आणि चौकशी करत मायाप्पाच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या मेंढरांच्या मुक्कामावर पोचलो. त्याने घोंगडं अंथरलं, दूध दिलं. पहिला प्रश्न त्याने विचारला, मास्तर बरे आहेत ना. मी म्हटलं, बरे आहेत. मग त्या दिवसाचं विचारलं. तो सांगेना. सत्तेव्वाने सांगितलं. दुपारपर्यंत तिने पखालीतलं उरलेलं पाणी कोकरांना थेंब थेंब पाजलं. मेंढ्यांचं दूध आटलं. आडोसा नव्हता, तिने लुगड्याची सावली केली, पण एका लुगड्याखाली किती मावणार. ऊन कलेपर्यंत चौदा कोकरं गेली. तीही त्यांच्यातच पडली होती. मायाप्पा आला तेव्हा त्याला आधी वाटलं, तीही गेली. नंतर आठ दिवस तिला उभं राहता येत नव्हतं.

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. ते पिशवीचं मीच त्याला सांगितलं होतं हे तिला माहीत होतं की नाही, कुणास ठाऊक. मायाप्पाला माहीत होतं. त्याने मला पुन्हा दूध वाढलं.

साताऱ्याला परतलो त्याच संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. ते व्याख्यानाचा लेख करत होते, एका मासिकाने मागितला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. चौदा कोकरं, सत्तेव्वा, सगळं. म्हटलं, निदान लेखात त्यांचं नाव घाला.

मास्तरांनी टाक खाली ठेवला. ते रागावले नाहीत. नवख्या माणसाला शिकवावं तसं समजावून सांगू लागले.

"हे पाहा," ते म्हणाले, "धनगर आला की एकटेपणा गेला. मग त्या प्रवासात उरतं काय?"

खरं तर त्यांनी बरोबर सांगितलं होतं. काहीच उरत नव्हतं. पण ते वाक्य त्यांनी इतक्या निवांतपणे म्हटलं, की तेव्हापासून त्यांच्या शेजारी बसून चहा पिणं मला जमेना. आतल्या दाराशी इंदिरावहिनी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी निघालो तेव्हा त्या माझ्यामागून पायरीपर्यंत आल्या आणि विचारलं, "ती बाई आता बरी आहे?" मी हो म्हटलं. त्या आत गेल्या.

पुढच्या जूनपासून मी सांगलीच्या एका शाळेत नोकरी धरली. मास्तरांच्या खबरा येत असत. मकराणचा बेत चालूच होता. एकदा रजा मिळाली नाही, एकदा पोटरी दुखावली, एकदा परवान्याला उशीर झाला. मग देशाची फाळणी झाली आणि कराची परक्या मुलखात गेलं. मास्तरांच्या बेताला त्याने जो सन्मान मिळाला तो प्रत्यक्ष जाऊन मिळाला नसता. आता न जाण्याला कारण होतं आणि ते साऱ्या देशाला ठाऊक होतं. ते गावोगाव जाऊन बोलू लागले.

त्याच हिवाळ्यात ते व्याख्यानासाठी सांगलीला आले. मला निरोप पाठवून पेठेतल्या एका हॉटेलात बोलावलं. जुनं कारण काढून भांडावं इतकाही जीव माझ्यात त्यांच्याविषयी उरला नव्हता. गेलो.

हॉटेलच्या दारापुढं एक म्हातारा सिंधी हातगाडीवर कापडाचे तुकडे विकत होता. निर्वासित होऊन नुकतेच आलेले लोक तेव्हा ठिकठिकाणी असे दिसत. मास्तरांनी त्याला गाव विचारलं. ते कराचीच्या पलीकडचं, त्याच डोंगरांच्या तोंडाशी असलेलं निघालं. मास्तरांचे डोळे चमकले. त्याला त्यांनी हाताला धरून आत आणलं, चहा सांगितला. म्हातारा संकोचाने बाकाच्या टोकाला टेकला. एक डोळा बाहेर गाडीकडे होता.

मला वाटतं, त्याला बरेच दिवसांत कुणी असं बसवून विचारलं नसावं. तो सांगू लागला. कापडाचं दुकान होतं. निघताना घराला कुलूप घातलं आणि किल्ली शेजाऱ्याला दिली. म्हैस सोडून दिली. थोरला मुलगा मागून येतो म्हणाला होता, अजून आला नाही. मास्तर हुं हुं करत होते. तो श्वास घ्यायला थांबला तेव्हा त्यांनी विचारलं, गावातून डोंगरात शिरल्यावर तिसऱ्या मुक्कामाला पाणी आहे का.

म्हाताऱ्याला प्रश्न कळायला जरा वेळ लागला. पण त्याने विचार करून उत्तर दिलं. "है साईं. मगर खारा है. मीठा पानी लोगों के घर मिलेगा." बोटाने बाकावर रेघ ओढून त्याने कुणाचं घर कुठं, तेही दाखवलं. मास्तरांनी वही काढून लिहून घेतलं. मग वही मिटली आणि सुस्कारा टाकला. त्याला म्हणाले, "आपका घर गया. हमारा तो सात साल का काम गया. सब तैयारी हो गयी थी. अब हम कभी नहीं जा सकेंगे."

मी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. कपातल्या चहाकडे बघत राहिलो. तो आता उठून जाईल, निदान काहीतरी बोलेल असं वाटलं. तो उठला खरा. उठून मास्तरांच्या बाजूला येऊन बसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"दिल छोटा मत करो साईं," तो म्हणाला. "रास्ता फिर खुल जाएगा."

मास्तरांनी डोळे मिटले आणि मान हलवली. सांत्वनाला आलेल्या माणसासमोर घरचा माणूस हलवतो तशी.

मी चहा अर्धा टाकून उठलो. त्यांच्या लक्षात आलं नाही. मास्तरांना मी पाहिलं ते तेव्हा शेवटचं. रस्ता ओलांडून मागं वळून बघितलं. गाडीपाशी एक बाई कापडाचा तुकडा हातात धरून इकडेतिकडे बघत उभी होती, आणि आत तो म्हातारा अजून मास्तरांच्या पाठीवरून हात फिरवत होता.